वाळूचा खड्डा, पाणथळ आणि नदी
शहागडच्या गोदाकाठावरून एक विचार

छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ज्या ठिकाणी गोदावरी ओलांडतो, त्या ठिकाणी नदीच्या उत्तर तीरावर जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील शहागड हे गाव वसले आहे. पलीकडचा तीर बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्याचा. त्याच तीरावरील राक्षसभुवनच्या परिसरात १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या सैन्याचा पराभव केला. ऐन पावसाळ्यात दुथडी भरून वाहणाऱ्या गोदावरीने त्या वेळी निजामाच्या फौजेचे दोन भाग करून टाकले होते आणि अलीकडे अडकलेल्या भागाला पलीकडून मदत मिळू शकली नाही. या नदीचे श्रावणातले सामर्थ्य किती होते याची कल्पना या प्रसंगावरून येते.

वैशाखात मात्र तिचे रूप अगदी निराळे असे. पाण्याची धार एका कडेला जाई आणि उरलेल्या पात्रात वाळूचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडत. त्या वाळूत टरबूज-खरबुजांच्या वाड्या लागत. हातभर वाळू उकरली की झिऱ्याला पाणी लागे आणि ते पाणी गाळलेल्या पाण्यासारखे नितळ असे. नदी आटली तरी गाव तहानेला नसे, याचे कारण पाणी नाहीसे होत नव्हते, ते वाळूखाली दडून राहत होते. गोदाकाठच्या गावांच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरी नदीच्या कडेला किंवा पात्रातच घेण्याची प्रथा पडली, तीही याच अनुभवातून.

गेल्या काही दशकांत या वाळूला बांधकामाचे मोल आले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे ५० अब्ज टन वाळू व खडी वापरली जाते, आणि पाण्याखालोखाल सर्वाधिक उपसा होणारा नैसर्गिक पदार्थ म्हणून तिचा उल्लेख केला जातो. मराठवाड्यातील बांधकामांना लागणाऱ्या वाळूचा मोठा भार गोदावरी, दुधना, पूर्णा या नद्यांवर पडला. वाळूघाटावरून वाळू गेली आणि मागे खड्डे राहिले. काही पात्रात, काही काठाच्या मळईच्या जमिनीत.

अशा खड्ड्यांचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न ग्रामपंचायतींपुढे आणि महसूल अधिकाऱ्यांपुढे वारंवार येतो. त्याचे एक आकर्षक उत्तर परदेशांतील उदाहरणांवरून सुचविले जाते. खड्ड्याचे तळे होऊ द्यावे, त्याभोवती झाडी वाढू द्यावी आणि ते क्षेत्र पशुपक्ष्यांसाठी राखून ठेवावे. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ते कोणत्या खड्ड्याला लागू पडते आणि कोणत्या खड्ड्याला लागू पडत नाही, याचा विवेक न केल्यास चांगल्या हेतूने नदीचे नुकसान होण्याचा संभव आहे.

खाणीचे अभयारण्य झाले ते कसे

इंग्लंडमधील केंट परगण्यात सेव्हनओक्स नावाचे गाव आहे. तेथील डॅरेंट नदीच्या खोऱ्यात वाळू आणि गोटे काढून झाल्यावर पाण्याने भरलेल्या खाणी उरल्या होत्या. १९५६ मध्ये डॉ. जेफ्री हॅरिसन यांच्या पुढाकाराने त्या पाणपक्ष्यांसाठी राखण्यात आल्या. खनिज काढून रिकाम्या झालेल्या खाणीचे हेतुपूर्वक निसर्गक्षेत्र करण्याचा त्या देशातील हा आरंभीचा प्रयोग मानला जातो. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६६ मध्ये, नॉटिंगहॅमजवळ ट्रेंट नदीच्या काठावरील ॲटनबरो येथील खाणींचे निसर्गक्षेत्र खुले झाले आणि त्याचे उद्घाटन योगायोगाने त्याच आडनावाच्या सर डेव्हिड ॲटनबरो यांच्या हस्ते झाले. या खाणींतील उत्खनन १९२९ पासून चालू होते.

सेव्हनओक्सच्या प्रयोगातून जे शिकावयास मिळाले ते फार साधे होते. खोल आणि उभ्या कडांच्या खाणीत पाणी कितीही असले तरी तिथे जीवन नांदत नाही. बदकाला चरण्यासाठी गुडघाभर पाणी हवे, टिबुकलीला बुडी मारण्यासाठी त्याहून थोडे अधिक हवे, चिखल्यांना आणि तुतारींना नुसता ओला चिखल हवा आणि अंडी घालण्यासाठी बहुतेकांना कुत्र्या-मांजरांपासून सुरक्षित असे बेट हवे. म्हणून काठ उतरते करण्यात आले, मध्ये बेटे ठेवण्यात आली आणि पक्ष्यांच्या खाण्यात येणाऱ्या वनस्पतींची लागवड करण्यात आली. बाकीचे काम निसर्गाने केले.

आपल्या देशातही टाकून दिलेल्या जमिनीचे असे पुनर्वसन झालेले आहे. हरियाणातील गुरुग्रामच्या सीमेवर अरवलीच्या ज्या टेकड्या खाणकामाने उघड्याबोडक्या झाल्या होत्या, तेथे २०१० पासून स्थानिक जातींची झाडे लावून जैवविविधता उद्यान उभे राहिले. मुंबईत माहीम आणि धारावी यांच्या मध्ये, मिठी नदीच्या काठी, पूर्वी शहराचा कचरा टाकला जात असे. त्याच जागेवर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने उभारलेले सुमारे १५ हेक्टरांचे निसर्ग उद्यान १९९४ मध्ये जनतेसाठी खुले झाले. कचऱ्याच्या ढिगाऱ्याचे जेथे रान होऊ शकते, तेथे स्वच्छ वाळूच्या खड्ड्याचे पाणथळ होण्यास अडचण ती कोणती, असे कोणालाही वाटेल.

अडचण एकच आहे आणि ती महत्त्वाची आहे. डॅरेंट आणि ट्रेंट या नद्यांजवळच्या खाणी नदीच्या पात्रात नव्हत्या. त्या नदीने पूर्वी केव्हा तरी टाकलेल्या गाळाच्या सपाट जमिनीत, वाहत्या पात्राच्या बाहेर होत्या.

पात्रातील खड्डा

पात्रातील खड्डा स्थिर राहत नाही. पुराचे पाणी खड्ड्याच्या वरच्या टोकाशी येते तेव्हा त्याला एकाएकी उतार मिळतो, त्याचा वेग वाढतो आणि ते वरचा काठ खात मागे मागे सरकते. अशी धूप प्रवाहाच्या उलट दिशेने चढत जाऊन पुष्कळ अंतरावरील पुलाच्या पायापर्यंत किंवा पाणीपुरवठ्याच्या विहिरीपर्यंत पोहोचू शकते. खड्डा जेथे खणला तेथेच नुकसान होईल, ही समजूत म्हणूनच बरोबर नाही. केंद्र शासनाच्या वाळू उत्खननविषयक मार्गदर्शक तत्त्वांत मोठ्या पुलांच्या आणि महामार्गांच्या दोन्ही बाजूंस १ किलोमीटर अंतर सोडण्याची, अथवा पुलाच्या गाळ्याच्या लांबीच्या पाचपट अंतर वरच्या अंगास आणि दहापट अंतर खालच्या अंगास, निदानपक्षी अनुक्रमे २५० व ५०० मीटर अंतर राखण्याची जी अट आहे, तिचे कारण हेच. शहागडसारख्या, महामार्गाचा पूल अंगणात असलेल्या गावाने ही अट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे.

खड्डा पुराबरोबर पुन्हा भरतो, असे पूर्वी म्हटले जाई आणि पूर्वी ते खरेही होते. वरच्या खोऱ्यातून दर पावसाळ्यात वाळू वाहत येई आणि नेलेली वाळू भरून निघे. पैठण येथील जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. या धरणाने मराठवाड्याला पाणी दिले, त्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु नाथसागर जसे पाणी अडवितो तशी पाण्याबरोबर येणारी वाळूही अडवितो. धरणाच्या दारांतून सुटणारे पाणी बहुतांशी वाळूविना सुटते आणि वाळूविना सुटलेले पाणी खालच्या पात्रातीलच वाळू उचलून पुढे नेते. पुढे पैठणच्या खाली आपेगाव, हिरडपुरी आणि त्यापुढे जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी असे उच्च पातळी बंधारे गोदावरीवर झाले. अशा नदीतून दोन बाजूंनी वाळू जाते आणि येण्याची वाट मात्र अरुंद झालेली असते. एकदा नेलेली वाळू आपल्या हयातीत परत येईलच, असा हिशोब आता मांडता येत नाही.

हिशोबाचा विषय निघालाच आहे तर तो आकड्यांत मांडून पाहणे उपयुक्त ठरेल. पात्रातील १ हेक्टर क्षेत्रावर सरासरी २ मीटर जाडीचा वाळूचा थर आहे असे धरू. ही वाळू २० हजार घनमीटर, म्हणजे सुमारे ७ हजार ब्रास भरते. शासनाच्या २०२३ च्या वाळू धोरणात नागरिकांना ब्रासमागे ६०० रुपये दराने वाळू देण्याचे ठरले होते; त्या दराने तिची किंमत सुमारे ४२ लाख रुपये होते. आता दुसरी बाजू. पाण्याने पूर्ण भरलेल्या वाळूच्या थरातून त्याच्या आकारमानाच्या सुमारे पाचवा हिस्सा पाणी उपसता येते. म्हणजे त्याच १ हेक्टरात ४ हजार घनमीटर, अर्थात ४० लाख लिटर पाणी साठते. माणशी दररोज ५५ लिटर या ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या प्रमाणाने २ हजार वस्तीच्या गावाला ते सुमारे ३६ दिवस पुरते. एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला ३६ दिवसांचे मोल सांगावयास नको. वाळूची किंमत एकदाच मिळते आणि पाणी प्रत्येक पावसाळ्यानंतर पुन्हा भरते, हा फरक हिशोबात बहुधा धरला जात नाही.

वाळू काढून तेथे तळे झाले तरी पाणी तेवढेच, किंबहुना अधिक राहील, अशी शंका येथे घेतली जाते. खड्ड्यात वाळूने व्यापलेली जागाही पाण्याला मिळते, हे खरे. पण मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी ऐन दिवसांत बाष्पीभवनाने रोज सुमारे १ सेंटिमीटर उतरते. १ हेक्टरच्या तळ्यातून असे रोज १ लाख लिटर पाणी आकाशात जाते. वाळूखाली दोन-अडीच फूट खोल गेलेल्या पाण्याला मात्र ऊन जवळजवळ लागत नाही. शिवाय वाळू हे पाणी गाळणारे साधन आहे. उघड्या डबक्याला तो गुण नाही. म्हणून पात्रातील खड्डा हे पाणथळ म्हणून राखण्याची कल्पना कितीही मोहक वाटली, तरी पात्रातील सर्वोत्तम निसर्गक्षेत्र म्हणजे न खणलेली वाळू होय. नदी सुरय, करवानक, लहान पाणभिंगऱ्या आणि कंठेरी चिखले हे पक्षी उघड्या वाळूवर, बेटांवर किंवा गोट्यांतच अंडी घालतात. कासवांची अंडीही वाळूतच उबतात. त्यांच्यासाठी खड्डा हे अभयारण्य नव्हे.

पात्राबाहेरचे खड्डे

पात्राबाहेर मात्र परिस्थिती बदलते. गोदाकाठी मळईच्या जमिनीतून वाळू काढून झालेले खड्डे, वीटभट्ट्यांसाठी पोयटा काढलेली शेते, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या आणि रस्त्यांच्या भरावासाठी माती-मुरूम काढलेल्या जागा, बंद पडलेल्या दगडखाणी अशा कितीतरी जागा सात-बारावर पोटखराब म्हणून पडून असतात. कृत्रिम वाळूला उत्तेजन देण्याचे धोरण राज्याने २०२५ मध्ये स्वीकारले. नदीच्या दृष्टीने ते स्वागतार्ह आहे. पण कृत्रिम वाळूही दगड फोडूनच होते, तेव्हा यापुढे नदीतील खड्डे कमी झाले तर डोंगरातील खड्डे वाढतील, हेही ध्यानात ठेवावे लागेल.

अशा जागी निसर्ग किती उत्साहाने परततो, याचा दाखला याच नदीवर आहे. नाशिक जिल्ह्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी नांदूर मध्यमेश्वर येथे विसाव्या शतकाच्या आरंभी सिंचनासाठी बंधारा बांधण्यात आला. बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणी, बेटे आणि लव्हाळ्यांचे पट्टे तयार झाले. अभियंत्याच्या दृष्टीने हा साठवणक्षमतेचा ऱ्हास होता, पक्ष्यांच्या दृष्टीने तीच पर्वणी ठरली. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले आणि २०२० च्या जानेवारीत ते रामसर कराराखालील आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ म्हणून जाहीर झाले. महाराष्ट्रातील हे पहिलेच रामसर स्थळ. १९८६ मध्येच नाथसागराचे सुमारे ३४१ चौरस किलोमीटर क्षेत्र जायकवाडी पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. हिवाळ्यात तेथे चक्रवाक, पट्टकदंब हंस आणि रोहित उतरतात. शहागडच्या परिसरात एखादे सुरक्षित उथळ पाणी निर्माण झाले, तर पाहुण्यांना फार दुरून बोलवावे लागणार नाही. ते वरच्याच अंगाला मुक्कामास आलेले असतात.

प्रत्यक्ष कामात पहिला विचार माणसांच्या जिवाचा करावयास हवा. उभ्या कडांच्या, गढूळ पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पोहावयास किंवा गुरे धुवावयास उतरलेली मुले बुडाल्याच्या घटना राज्यात दर वर्षी घडतात. वरून उथळ दिसणारे पाणी दोन पावलांवर एकदम पुरुषभर खोल होते, हे मुलाला कळण्यास मार्ग नसतो. यावर तारेच्या कुंपणापेक्षा काठाचा उतार अधिक उपयोगी पडतो. काठ तोडून दर १ मीटर खोलीला निदान ५ मीटर लांबीचा उतार दिला, तर उतरणारा माणूस हळूहळू खोल पाण्यात जातो आणि त्याला परतता येते. आणि नेमका हाच उतार बदकांना, बगळ्यांना आणि बेडकांना हवा असतो. एकाच खर्चात दोन्ही कामे साधण्याचा योग शासकीय कामांत तसा विरळाच. एखादी उभी दरड मात्र, पाण्यापासून दूर आणि माणसांच्या वाटेवर नसलेली, मुद्दाम तशीच ठेवावी. वेडे राघू, खंड्ये आणि पाकोळ्या अशाच दरडीत बिळे करून पिले वाढवितात.

वरची सुपीक माती उत्खननापूर्वीच बाजूला काढून ठेवली असेल, तर तीच काठावर पसरावी; नसेल तर गावतळ्यातील गाळ आणावा. तिच्यात गवताचे व लव्हाळ्याचे बी आपोआप असते. झाडे लावावयाचीच तर वाळुंज, करंज, जांभूळ, उंबर अशी पाण्याकाठची ओळखीची झाडे लावावीत आणि तीही एका बाजूला. सर्व काठ झाडांनी वेढला की मोठे पाणपक्षी उतरण्यास कचरतात, ही गोष्ट वृक्षारोपणाच्या उत्साहात विसरली जाते. जलपर्णी, बेशरम आणि वेडी बाभूळ यांना मात्र पहिल्या वर्षापासून थारा देता कामा नये. पुढे त्या काढण्याचा खर्च मूळ कामाहून अधिक येतो. डासांची तक्रार गावातून येईलच. तिच्यासाठी आरोग्य खात्याच्या हिवताप विभागाकडून गप्पी मासे मिळतात. मात्र उथळ डबकी मुख्य पाण्याशी चरांनी जोडलेली असली तरच मासे तेथपर्यंत पोहोचतात. गुरांना पाण्यावर येण्यासाठी एक ठरलेला घाट ठेवावा. सर्वच काठ बंद केला तर गुराखी कुंपण तोडील, आणि त्यात त्याचा दोष असणार नाही.

नदीच्या अगदी कडेच्या खड्ड्याबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. खड्डा आणि पात्र यांच्यामध्ये मातीची अरुंद भिंत असेल तर मोठ्या पुरात ती फुटून नदी खड्ड्यातूनच वाहू लागते. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून सोडलेल्या पाण्याने गोदाकाठच्या गावांना जो अनुभव दिला, तो पाहता अशी भिंत टिकेल असे गृहीत धरणे योग्य नव्हे. असा खड्डा पाणथळ म्हणून न राखता भरून घेणेच इष्ट.

कायद्यातील वाटा

साधी वाळू हे १९५७ च्या खाणी व खनिजे अधिनियमाखालील गौण खनिज असून तिच्याबाबत नियम करण्याचा अधिकार राज्याला आहे. नदीचा तळ, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० अन्वये, शासनाच्या मालकीचा आहे आणि अनधिकृत उत्खननावरील दंडाची तरतूद कलम ४८ मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपककुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात ५ हेक्टरांहून लहान पट्ट्यांनाही पर्यावरणविषयक मंजुरी आवश्यक ठरविली. २०१६ पासून प्रत्येक जिल्ह्याचा सर्वेक्षण अहवाल तयार करून कोठे, किती वाळू भरून येते हे आधी पाहण्याची पद्धत आली. धरणाखालच्या गोदावरीच्या बाबतीत या अहवालातील भरून येण्याचे आकडे सर्वांत काळजीपूर्वक तपासले गेले पाहिजेत. ते प्रत्यक्ष पात्राच्या मोजणीवरून आले की जुन्या आकड्यांवरून, हे पंचायत सदस्याने विचारण्यास हरकत नाही.

खड्डा राखून ठेवण्यासाठी अभयारण्यच जाहीर व्हावे लागते असे नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये २००२ साली झालेल्या सुधारणेने दोन सौम्य प्रकार उपलब्ध झाले. शासकीय जमिनीवर, स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून, संवर्धन राखीव क्षेत्र घोषित करता येते आणि त्याच्या व्यवस्थापन समितीत संबंधित प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो. खाजगी किंवा सामुदायिक जमीन मालकाने स्वेच्छेने देऊ केली तर सामुदायिक राखीव क्षेत्र करता येते. त्याच्या समितीत गावचे प्रतिनिधित्व असते. घोषणेनंतर जमिनीच्या वापरात बदल करावयाचा झाल्यास समितीचा ठराव आणि राज्य शासनाची मान्यता या दोन्हींची गरज लागते. आज पाणथळ आणि उद्या गाळ्यांची इमारत, असा प्रकार त्यामुळे सहज होऊ शकत नाही. याखेरीज जैविक विविधता अधिनियम, २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवणे हे तिचे काम आहे.

ही नोंदवही पुष्कळ ठिकाणी एकदाच भरून कपाटात गेली आहे. ती चालू ठेवण्याचे काम शाळेकडे सोपविता येण्यासारखे आहे. खड्ड्याच्या काठी एक मोजपट्टी रोवून दर सोमवारी पाण्याची पातळी आणि जवळच्या विहिरीची पातळी लिहावी. कोणते पक्षी किती दिसले ते दर पंधरवड्याला लिहावे. मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर काठाचा उतार मोजावा. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना हे सहज जमते. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या की खड्डा पाणी धरतो की विहिरीचे पाणी ओढतो, हे वहीवरूनच दिसेल. विहीर उतरत असेल तर तो खड्डा गाळाने उथळ करावा लागेल आणि त्यासाठीचा ठराव मांडताना ग्रामसभेपुढे ती वही ठेवता येईल.